शॉकअपचा नंबर शेवटचा

सायकलच्या दुकानात एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, बघायला आलेलं गिऱ्हाईक सगळ्यात आधी काय करतं? हँडलवर दोन्ही पंजे टेकवतं आणि अंगाचा भार टाकून पुढचा शॉकअप दाबून बघतं. तो खाली जाऊन वर आला की गडी खूश. टायर कुठला, मागचा हब कसला, ब्रेक दाबल्यावर चाक कधी थांबतं, यातलं काहीच विचारलं जात नाही. सायकली बनवणाऱ्यांना हे पाठ आहे. म्हणून पंधरा हजारांच्या आतल्या सायकलीलाही जाड नळ्यांचा, चकचकीत स्टिकरचा शॉकअप असतो आणि त्याचा खर्च जिथे नजर जात नाही तिथून काढला जातो. हबमधल्या छर्ऱ्यांतून, रिमच्या धातूतून, ब्रेकच्या रबरातून.

पाच-सात वर्षांनी त्याच सायकलीला नवं रूप द्यायची हुक्की येते, आणि गंमत म्हणजे पहिला बेत पुन्हा शॉकअपचाच आखला जातो. मग दुकानदार म्हणतो, "साहेब, हिच्यावर पैसे घालू नका, नवीनच घ्या." मित्रांतला एखादा सायकलवेडा म्हणतो, सगळंच बदलून टाक, गिअर बदल, चाकं बदल, हँडल कार्बनचं घाल. पहिल्याला माल खपवायचा असतो आणि दुसऱ्याला दुसऱ्याच्या खिशातून हौस भागवायची असते. जुन्या, स्वस्त हार्डटेलवर पैसे जरूर घालावेत. पण ठरावीक क्रमाने, आणि फ्रेम नको म्हणेल तिथे पाकीट मिटावं. हा क्रम शोकेसमध्ये वस्तू ज्या थाटाने मांडलेल्या असतात त्याच्या नेमका उलटा आहे.

हार्डटेल म्हणजे पुढे शॉकअप असलेली आणि मागे नसलेली सायकल. २०२० च्या टाळेबंदीत व्यायामशाळा बंद आणि रस्ते मोकळे होते, तेव्हा अशा सायकली इतक्या खपल्या की दुकानांत माल मिळेना. आज त्यातल्या कितीतरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याखाली नाहीतर गॅलरीत उभ्या आहेत. टायर बसलेले, चेन तांबूस, सीटवर कबुतरांची कृपा. पण ओल्या फडक्याने पुसलं की ॲल्युमिनियमची फ्रेम बहुतेकदा ठणठणीत निघते. हायड्रॉलिक ब्रेक, बरा फ्रीहब आणि कामाचा शॉकअप असलेली नवी सायकल घ्यायची तर आज साधारण चाळीस हजारांच्या आसपास जावं लागतं. घरातली सायकल दहा-बारा हजारांत रोजच्या रस्त्याला आणि रविवारच्या टेकडीला पुरेल अशी होत असेल, तर तिला भंगारात काढणं हा शुद्ध उधळेपणा आहे.

मुळात डोंगरी सायकलिंगच्या खेळाचा जन्मच जुन्या सायकलींच्या डागडुजीतून झालाय. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं १९३० आणि ४० च्या दशकांतल्या श्विन कंपनीच्या जाड टायरांच्या सायकली अडगळीतून, भंगारातून शोधून आणत. वजन वीस किलोच्या आसपास, गिअर एकच, ब्रेकही एकच आणि तो पेडल उलटं दाबून लागणारा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरवाटेवरून या सायकली खाली सोडायच्या, हा त्यांचा उद्योग. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधल्या ग्रीसचा जळून धूर निघायचा. पुढच्या फेरीआधी हब खोलून नवं ग्रीस भरायचं. त्या वाटेला रीपॅक हे नाव पडलं ते या कटकटीमुळेच.

त्यांच्यातल्या गॅरी फिशरने आपल्या जुन्या श्विनवर ड्रम ब्रेक आणि डिरेलरवाले, म्हणजे चेन सरकवून बदलणारे, गिअर चढवले आणि रीपॅक ४ मिनिटं २२ सेकंदांत उतरून दाखवली. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी फ्रेम बनवायला घेतली ती त्यानंतर, १९७७ मध्ये. स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही कारखान्यातून मोठ्या संख्येने निघालेली सायकल १९८१ ची. यातल्या कुठल्याच सायकलीला शॉकअप नव्हता. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप आला १९८९ मध्ये. म्हणजे त्या पहिल्या शर्यतीनंतरची बारा-तेरा वर्षं माणसं डोंगर उतरत होती ती ताठ चिमट्यावर, म्हणजे बिनशॉकअपच्या फोर्कवर. त्यांनी पैसे आणि डोकं लावलं ते ब्रेकवर, टायरवर आणि गिअरवर. पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात बसून जुनी सायकल सुधारणाऱ्याने हाच धडा गिरवावा. उलट त्याचं काम सोपं आहे. त्याला कुणी शर्यतीला उभं करत नाही.

नवा पार्ट आणण्याआधी सायकल पूर्ण खोलून घ्यावी. हे सांगितलं की लोकांचा चेहरा पडतो, कारण ओव्हरहॉलिंगमध्ये दिसण्यासारखं काही हाती लागत नाही. पण पाच पावसाळे काढलेल्या सायकलीचा मागचा हब एकदा उघडताना बघावा. पाना लावून कोन सैल केला की आत ग्रीस म्हणावं असं काही उरलेलं नसतं. काळी लगदी असते आणि बोटांत चोळली की मुरमाची कचकच लागते. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाव इंची छर्रे. रॉकेलमध्ये धुऊन तळहातावर घेतले की काही अजून लखलखतात आणि काहींवर राखाडी चट्टे पडलेले असतात. जाणता मेकॅनिक चांगले-वाईट निवडत बसत नाही, अठराच्या अठरा नवे घालतो. कोनवर खड्ड्यांची माळ दिसली तर कोनही बदलतो. मग एक्सल काचेवर लोळवतो. सरळ असेल तर गडगडत जातो, वाकलेला असेल तर लंगडतो.

आणि स्वस्त सायकलीत तो पुष्कळदा वाकलेलाच निघतो. याचं कारण बनावटीत आहे. अशा सायकलींत मागचे सात गिअर म्हणजे आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील. त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला, मध्याकडे सरकतात आणि त्यापुढचा एक्सल आधाराशिवाय लांबवर जातो. खड्ड्यात मागचं चाक आदळलं की घाव तिथेच बसतो. शिमानो कंपनीने १९७८ मध्ये फ्रीहब आणला, त्यात उजवीकडचे छर्रे पार बाहेर, फ्रेमला लागून बसतात आणि वरून दात्यांची कॅसेट सरकवली जाते. बऱ्या सायकलींत आता तोच असतो. सायकल फ्रीव्हीलची की फ्रीहबची, या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचा निम्मा खर्च ठरतो. ऑनलाइन नऊ गिअरची कॅसेट मागवायची, ती घेऊन दुकानात जायचं आणि तिथे समजायचं की ही बसवायला मागचं अख्खं चाक बदलावं लागेल, मग नवा शिफ्टर लागेल, बहुधा डिरेलरही. असं झालेल्या माणसाला कोणत्याही शहरातल्या सायकल दुकानात शोधावं लागत नाही.

खोलून, धुऊन, ग्रीस भरून, रिमचा औट काढून सायकल परत जोडली की पहिला खर्च टायरवर.

टायरच्या कडेला २६ × २.१० असं काहीतरी कोरलेलं असतं आणि शेजारी बारीक अक्षरांत ५४-५५९. खरेदी करताना दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवावं. ५५९ म्हणजे रिमचा मिलिमीटरमधला व्यास. तो जुन्या २६ इंची सायकलींचा. साडेसत्तावीसचा ५८४ आणि २९ इंचीचा ६२२. बाजारात आता मोठ्या चाकांचीच चलती असल्याने २६ इंची टायरांत निवड कमी झाली आहे, तरी चांगला टायर अजून मिळतो. कंपनीने दिलेला मूळ टायर दिसायला राक्षसी असतो, पण रबर कडक आणि जडशीळ. सोमवार ते शनिवार डांबरावरून कामाला जाणाऱ्याने मध्ये सलग पट्टी आणि कडांना बटणं असलेला टायर घ्यावा. डांबरावर घरघर थांबते आणि वळणावरच्या मुरमात कडेची बटणं धरून ठेवतात. ज्याचं फिरणं खरोखर पायवाटांचंच आहे, त्याने पुढे मोठ्या बटणांचा आणि मागे जरा सौम्य टायर लावावा, कारण पुढचं चाक सुटलं तर माणूस पडतो, मागचं सुटलं तर बहुतेकदा सावरतो. बाभळीच्या काट्यांचा मुलूख असेल तर ट्यूबमध्ये सीलंट घालून घेणं शहाणपणाचं. पंक्चर काढण्यात रविवार घालवण्यापेक्षा ते बरं.

टायरइतकीच महत्त्वाची त्यातली हवा, आणि ती फुकट असते. पंक्चरवाला कॉम्प्रेसर लावतो आणि टायर टणक होईपर्यंत सोडत नाही. गिऱ्हाईकही अंगठ्याने दाबून मान डोलावतं. कडेला कोरलेला ६५ पीएसआयचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत भरलंच पाहिजे असा काही दंडक नाही. सत्तर किलोच्या माणसाला कच्च्या वाटेवर ट्यूबच्या टायरात ३० ते ३५ पीएसआय पुरते. तेवढ्या हवेत टायर दगडावर किंचित दबतो, दगडाला बिलगतो आणि मनगटांना बसणारे बारीक हिसके आपणच गिळतो. शॉकअपकडून लोक जी अपेक्षा ठेवतात, तिच्यातला मोठा भाग हा दोन इंची टायर गुपचूप पार पाडतो. फार खाली गेलं तर मात्र दगडाच्या धारेवर ट्यूब रिमला चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. तसं झालं की चार-पाच पीएसआय वाढवावी. गेज असलेला साधा पंप हे या सगळ्या यादीतलं सर्वांत किफायतशीर हत्यार आहे.

यानंतर ब्रेक, कारण सुधारलेली सायकल आधीपेक्षा जोरात पळणार.

सिंहगड चढून गेल्याचं कौतुक सगळे सांगतात. उतरताना बोटं आखडतात, लिव्हर हँडलला टेकतो आणि वळणावर समोरून जीप येते, त्याबद्दल कुणी बोलत नाही. ब्रेकवर खर्च करण्याआधी फ्रिजवरचा एक चुंबक रिमला लावून बघावा. चिकटला तर रिम स्टीलची आहे, आणि ब्रेक रिमवर लागणारे असतील तर पावसात त्या रिमवर रबर नुसतं घसरतं. अशा सायकलीला ॲल्युमिनियमच्या रिमची चाकं घालावीत. एरवी नुसत्या हौसेखातर नकोत, पण इथे तो खर्च सार्थकी लागतो, आणि चाक बदलतोच आहोत तर फ्रीहबवालं घेऊन मागची अडचणही त्याच फेऱ्यात निकालात काढता येते. रिम आधीच ॲल्युमिनियमची असेल तर व्ही-ब्रेकचं कडक झालेलं रबर आणि गंजलेली वायर बदलली तरी पुरे. व्ही-ब्रेक नीट लावलेला असेल तर साध्या वापराला तो कमी पडत नाही.

ज्यांच्या फ्रेमला आणि हबला डिस्कची सोय आहे आणि सध्या वायरचा डिस्क ब्रेक आहे, त्यांच्यासाठी हायड्रॉलिक ब्रेक ही सगळ्यात समाधान देणारी खरेदी. शिमानोचा एमटी २०० हा साधा जोड बऱ्याच बजेट सायकलींवर चढवला जातो. एका बोटाने चाक थांबतं. मात्र दोन पथ्यं आहेत. त्याच्यासोबत येणाऱ्या स्वस्त डिस्कवर बहुधा फक्त रेझिनचे पॅड चालतील असं कोरलेलं असतं. तिथे धातूचे पॅड घातले तर डिस्क लवकर खलास. दुसरं पथ्य तेलाचं. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात मोटारसायकलचं ब्रेक ऑइल असतं ते वेगळं, आणि ते आत गेलं की सील फुगतात. ब्रेक पुन्हा उभा राहत नाही. आपल्याकडच्या 'सगळं चालतंय'ला ही जागा नव्हे.

गिअरबाबत लोकांची समजूत संख्येवर अडकलेली असते. "एकवीस गिअरची आहे," असं छाती फुगवून सांगितलं जातं. पुढचे तीन गुणिले मागचे सात, पण त्यातले कितीतरी एकमेकांवर चढलेले, जवळजवळ तेच. घाटात कामाला येतो तो फक्त सर्वांत हलका गिअर, आणि नेमका तोच पुरेसा हलका नसतो. पुढे २४ दाते आणि मागे २८ असतील तर २६ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात साधारण पावणेदोन मीटर पुढे जाते. त्याच हबवर १४ ते ३४ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं तर तीच सायकल एका फेऱ्यात दीड मीटरच्या आत राहते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यामागे पायावरचा भार जवळपास सहाव्या हिश्शाने कमी, आणि चाक बदलायचं नाही, शिफ्टर बदलायचा नाही. मागचा डिरेलर ३४ दाते झेलणारा आहे ना, तेवढं तपासायचं आणि चेनला दोन-चार कड्या जादा घ्यायच्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या चढावर किंवा साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात उतरून सायकल ढकलणाऱ्यांपैकी अनेकांना एवढ्या एका बदलाने सीटवर राहता येईल.

सध्या पुढचे तीनही काढून एकच चाकी ठेवायची फॅशन आहे. नव्या सायकलींत ती शोभते. जुन्या सायकलीवर ती लादायची तर मागे मोठी कॅसेट, त्यासाठी फ्रीहब, त्यासाठी चाक, मग डिरेलर, मग शिफ्टर अशी खरेदीची रांग लागते, आणि सुटका कशातून होते? पुढच्या एका डिरेलरच्या कुरकुरीतून. तो डिरेलर नीट लावून घ्यायला पंधरा मिनिटं लागतात.

चेन मात्र वेळेवर बदललीच पाहिजे. तिची परीक्षा बारा इंची स्टीलच्या पट्टीने घरीच होते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवावं. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती एक सोळांश इंच पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेली असेल तर उशीर झाला, चेनने आता फ्रीव्हीलचे दातेही आपल्यासारखेच झिजवलेले असणार आणि नवी चेन त्यावर घसरत राहणार. अलिबाग-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेत सायकल ठेवणाऱ्यांनी आतली वायर आणि बाहेरचं आवरण दोन्ही दरवर्षी बदलावं. गिअर अडकतात म्हणून महागडा शिफ्टर आणला जातो आणि दोष असतो तो गंजलेल्या वायरीचा.

सीट, ग्रिप आणि पेडल यांच्याबद्दल फार लिहायचं कारण नाही. जिथे माणूस सायकलीला टेकतो तिथे प्लॅस्टिकचं काही ठेवू नये, एवढं पुरे. पण सीटची उंची! पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. आपल्याकडे दहांतले आठ जण सीट खाली दाबून, गुडघे कानाला लावून सायकल मारतात आणि मग गिअर जड आहेत म्हणून तक्रार करतात.

आता शॉकअप. बजेट सायकलीवरचा शॉकअप म्हणजे नळीत बसवलेली स्प्रिंग. वजन अडीच किलोच्या पुढे. दाबली गेलेली स्प्रिंग परत येताना तिला आवरणारी तेलाची यंत्रणा बहुतेकांत नसते, त्यामुळे ओळीने खड्डे आले की पुढचं चाक धक्के खाण्याऐवजी उड्या मारू लागतं. मग चांगला हवेचा शॉकअप घालावा असं वाटणं साहजिक आहे. अडचण फ्रेमची आहे. जुन्या फ्रेमची हँडलखालची नळी सरळ, सव्वा इंचाच्या आतल्या दांड्याची. नव्या शॉकअपचा दांडा खाली जाड होत जाणारा. जुन्या हबचा एक्सल क्विक रिलीजचा, नव्यांचा १५ मिलिमीटरचा आरपार. चाक २६ इंची, आणि बरे नवे शॉकअप येतात ते २७.५ आणि २९ साठी. मोठ्या चाकाच्या शॉकअपमध्ये लहान चाक घालायचं तर पुढची बाजू विनाकारण वर उचलली जाते. या सगळ्यातून वाट काढून कुणी १४० मिलिमीटर चालीचा शॉकअप शंभरच्या फ्रेमला लावलाच, तर सायकल पुढून आणखी उंच होते, चिमट्याचा कोन साधारण दोन अंशांनी मागे झुकतो, वळण सुस्त होतं आणि हँडलखालच्या जोडावर, म्हणजे फ्रेम जिथे तडकते नेमकं तिथे, जादा ताण येतो. हे करण्यासाठी सायकलच्या मूळ किमतीइतके पैसे मोजायचे, याला हौस म्हणावं की हट्ट?

कमी किमतीचा एक पर्याय आहे, पण तो सुचवला की लोक वेड्यात काढतात. शॉकअप काढून त्या जागी तितक्याच उंचीचा ताठ स्टीलचा चिमटा बसवायचा. वजनात दीड किलोच्या आसपास बचत, देखभाल शून्य, चढावर उभं राहून पेडल मारलं तरी पुढची बाजू डुलत नाही. वर सांगितलेले टायर आणि हवा असेल तर शहरातले खड्डे आणि टेकडीवरच्या वाटा त्यावर निभावतात. ज्यांना खरोखर दगडी उतार वेगात उतरायचे आहेत, त्यांनी मात्र जुन्या सायकलीचा नाद सोडून नवी घ्यावी; तिथे दुकानदाराचं बरोबर आहे.

तो आणखी दोन ठिकाणी बरोबर असतो. सायकल मापाची नसेल तर तिच्यावर रुपया घालू नये, कारण उंची पार्ट बदलून बदलत नाही. आणि फ्रेमला तडा असेल तर विषय संपला. खालची आणि वरची नळी हँडलखालच्या नळीला जिथे जोडलेली असते, तिथला चिखल पुसून जोडाच्या कडेने नखाने तपासावं. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि नख त्यात अडकलं, तर ती सायकल उद्यापासून रस्त्यावर नेऊ नये. राहिल्या पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या आठ-दहा हजारांच्या सायकली. त्यांच्यात सुधारण्यासारखं काही नसतं. त्या मुळातच दुकानात दाबून बघण्यासाठी बनवलेल्या असतात.

इथवरचं सगळं गिऱ्हाइकाच्या हातातलं. पण त्याला हे कळावं म्हणून उद्योगाने आणि सरकारने काय केलं? २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि तत्सम वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली. पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकीच्या सुट्या भागांची माहिती तिथे मिळावी आणि पायाने चालणारीची नको, यामागचं तर्कशास्त्र अनाकलनीय आहे. सायकलींवर रिफ्लेक्टर सक्तीचे करणारा आदेश २०२० मध्ये निघाला, हे योग्यच झालं. सायकल सजवायला घेतलेली मंडळी पहिल्यांदा तेच उपटून फेकतात हा भाग वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पार्ट स्वस्त झाले. पण कोणता पार्ट कोणत्या सायकलीला बसतो हे गिऱ्हाइकाला अजूनही अंधारातच शोधावं लागतं.

मेकॅनिकची अवस्था याहून बिकट. तीन हजारांचा पार्ट ऑनलाइन बिनतक्रार घेणारा माणूस तो बसवायच्या तीनशे रुपयांवर घासाघीस करतो. छर्रे तळहातावर घेऊन बघणारे कारागीर उतारवयाला लागले आहेत आणि त्यांची पोरं मोटारसायकलच्या गॅरेजात गेली, कारण तिथे मजुरी मिळते. हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणं, शॉकअपचं सर्व्हिसिंग, फ्रीहब खोलणं ही कामं शिकवणारा छोटा अभ्यासक्रम आयटीआयमधून चालवायला अवाढव्य खर्च येत नाही. लुधियाना आणि चेन्नईच्या मोठ्या कारखानदारांनी त्यात पैसे घातले तर त्यांच्याच सायकली जास्त दिवस रस्त्यावर राहतील. अर्थात जास्त दिवस रस्त्यावर राहिलेली सायकल म्हणजे न खपलेली नवी सायकल, असा हिशोब ते करत असतील तर गोष्ट निराळी.

निदान एक गोष्ट त्यांनी उद्यापासून करावी. नव्या सायकलीच्या हँडलला पुठ्ठ्याची एक पट्टी लटकवलेली असते. तिच्यावर रंगाचं झोकदार नाव असतं, एकवीस गिअर असं मोठ्या अक्षरांत असतं आणि शिमानो असंही असतं, मग शिमानोचा असो नुसता मागचा डिरेलर. त्याच पट्टीच्या कोऱ्या बाजूला पाच ओळी सहज मावतात: मागचा हब फ्रीव्हीलचा की फ्रीहबचा, रिम स्टीलची की ॲल्युमिनियमची, फ्रेमला डिस्कची सोय आहे की नाही, हँडलखालची नळी कोणत्या मापाची, आणि फ्रेम जास्तीत जास्त किती चालीचा शॉकअप झेलते.